शब्दांच्या आठ जाती आणि मेंदू

‘धाव’ हा शब्द घ्या. ‘जिंकायला एकच धाव हवी’ या वाक्यात तो नाम आहे. ‘गाडी सुटतेय, धाव!’ इथे तोच शब्द क्रियापद झाला. लिहायला तीच अक्षरं, उच्चारही तोच. आता अशा माणसाची कल्पना करा, जो पहिलं वाक्य मोठ्याने घडाघडा वाचतो आणि दुसऱ्या वाक्यात नेमका याच शब्दापाशी अडतो. त्याचे डोळे ठीक आहेत, जीभ ठीक आहे, आणि शब्द तर मघाशी त्याने स्वतःच उच्चारला होता. अडायचं कारण एवढंच, की या खेपेला तो क्रियापद होऊन समोर आला आहे.

अशी माणसं खरोखर आहेत. १९९१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात अल्फोन्सो कारामाझ्झा आणि आर्जी हिलिस यांनी मेंदूला इजा झालेल्या दोन रुग्णांची हकीकत मांडली. रुग्णांची ओळख उघड करायची नाही म्हणून त्यांचा उल्लेख आद्याक्षरांनी होतो: एच. डब्ल्यू. आणि एस. जे. डी. दोघांनाही शब्दांचे अर्थ कळत होते. एच. डब्ल्यू. या रुग्णाला क्रियापदं तोंडाने उच्चारणं जड जाई, पण तीच क्रियापदं तो कागदावर लिहू शके. एस. जे. डी. चं नेमकं उलटं. बोलताना क्रियापदं बिनचूक, लिहायला घेतलं की तीच अडत, नामं मात्र सुरळीत उतरत. संशोधकांनी मुद्दाम इंग्रजीतला ‘क्रॅक’ हा शब्द निवडला, कारण तो आपल्या ‘धाव’सारखाच दुहेरी आहे. ‘आरशाला तडा गेलाय’ या अर्थाच्या वाक्यात तो नाम म्हणून येतो, आणि ‘इथे अक्रोड फोडू नकोस’ या अर्थाच्या वाक्यात क्रियापद म्हणून. शब्द नाम होता तेव्हा दोघांचंही काम बहुतेक वेळा निभावलं. क्रियापद झाला की पहिल्याला तो वाचून दाखवता येईना आणि दुसऱ्याला लिहिता येईना.

या प्रयोगावर थोडं रेंगाळायला हवं. इजा जर अर्थाला झाली असती, तर क्रियापदं बोलतानाही बिघडली असती आणि लिहितानाही. ओठांना किंवा हाताला झाली असती, तर नामंही बिघडली असती. इथे दोन्ही शाबूत आहेत. म्हणजे शब्द तोंडावाटे किंवा हातावाटे बाहेर पडण्याच्या जागीसुद्धा ‘हा नाम, हा क्रियापद’ असा भेद मेंदू कुठेतरी पाळतो, आणि तोही बोलण्यासाठी वेगळा, लिहिण्यासाठी वेगळा. व्याकरणाच्या पुस्तकात शोभावा असा हा भेद माणसाच्या कवटीच्या आत सापडतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

शब्दांच्या आठ जाती आपण शाळेत पाठ करतो. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे विकारी. क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी हे अविकारी. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलं शब्दांच्या जाती ओळखत आली आहेत. प्रश्न असा, की मेंदूला या आठ जाती ठाऊक आहेत का? की त्याने स्वतःच्या सोयीने वेगळीच विभागणी केली आहे? एच. डब्ल्यू. आणि एस. जे. डी. ची उदाहरणं वाचून पहिलं उत्तर खरं वाटतं. पुढची उदाहरणं पाहिली की दुसऱ्याकडे झुकावं लागतं.

नाम आणि क्रियापद यांचा मेंदूतला पत्ता शोधायचा प्रयत्न लगेचच सुरू झाला. आयोवामधले अंतोनियो दमासिओ आणि डॅनियल ट्रॅनेल यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की डाव्या कानशिलाच्या आतला भाग, म्हणजे टेम्पोरल लोबचा पुढचा-मधला पट्टा, निकामी झाला की नामं आठवेनाशी होतात, आणि कपाळामागचा डावा भाग दुखावला की क्रियापदं. मांडणी सुबक होती, पण ती तशीच टिकली नाही. मेंदूतला रक्तप्रवाह मोजणाऱ्या एफएमआरआय तंत्राने निरोगी माणसांचे मेंदू पाहता येऊ लागले, शेकडो प्रयोग झाले, आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. गॅब्रिएला विग्लिओको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या सगळ्या प्रयोगांचा आढावा घेतला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बहुतेक प्रयोगांत नामं म्हणजे वस्तू आणि क्रियापदं म्हणजे हालचाली असाच मामला होता. त्यामुळे मेंदूत जो फरक दिसला तो वस्तू आणि हालचाल यांच्यातला होता. त्याला व्याकरणातला फरक म्हणणं घाईचं ठरेल. ‘विटंबना’ हेही नाम आणि ‘खुर्ची’ हेही नाम. ‘लाथाडणे’ हे क्रियापद आणि ‘असणे’ हेही क्रियापद. त्यांना एका पंगतीत बसवलं आहे ते व्याकरणाने.

मग हालचालींच्या शब्दांचं पाहू. मेंदूच्या वरच्या बाजूला, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत गेलेला एक पट्टा शरीराच्या हालचाली चालवतो. माँट्रियलचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३०च्या दशकात जाग्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विजेचा स्पर्श करून त्याचा नकाशा बनवला. पाय अगदी माथ्याजवळ, त्याखाली हात, आणि आणखी खाली, कानाच्या दिशेने, ओठ आणि जीभ. २००४ मध्ये केंब्रिजमधल्या ओलाफ हाउक, इंग्रिड जॉन्सरूड आणि फ्रीडमान पुल्व्हरम्युलर यांनी एक साधा प्रयोग केला. चौदा माणसांना एफएमआरआय यंत्रात झोपवून पडद्यावर एकेक क्रियापद दाखवलं: चाटणे, उचलणे, लाथ मारणे अशा अर्थाची. काही करायचं नाही, बोलायचं नाही, फक्त मनात वाचायचं. ‘लाथ मारणे’ वाचताना माथ्याजवळच्या पायाच्या भागात रक्तप्रवाह वाढला, ‘उचलणे’ वाचताना हाताच्या भागात, ‘चाटणे’ वाचताना खाली जिभेच्या बाजूला. हातपाय निश्चल होते. हालचाल होती ती फक्त शब्दाच्या अर्थात.

पुढच्याच वर्षी यांतल्या हाउक आणि पुल्व्हरम्युलर यांनी इतर सहकाऱ्यांसोबत उलटा प्रयोग करून पाहिला. शब्द दाखवल्यावर १५० मिलिसेकंदांनी, म्हणजे पापणी लवायच्याही आत, बाहेरून चुंबकीय झटका देऊन हाताचा किंवा पायाचा भाग चेतवला. हाताचा भाग चेतवला तेव्हा हाताचे शब्द माणसं लवकर ओळखू लागली; पायाचा चेतवला तेव्हा पायाचे. पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये याचीच दुसरी बाजू दिसली. व्हेरोनिक बुलाँजे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, औषध न घेतलेल्या अवस्थेत रुग्णांचा नामांना मिळणारा प्रतिसाद जवळपास नेहमीसारखा होता, पण हालचालींच्या क्रियापदांचा मंदावला होता. लेव्होडोपा हे औषध घेतल्यावर तो परत आला. शरीराची हालचाल अडते तिथेच हालचालीचा शब्दही अडतो.

असंच वासाचं. २००६ साली स्पेनमध्ये हुलिओ गोन्झालेस आणि सहकाऱ्यांनी लोकांना दालचिनी, लसूण, मोगऱ्यासारखी फुलं यांची नावं वाचायला दिली. खोलीत वास कसलाच नव्हता, तरी मेंदूतला गंध ओळखणारा भाग जागा झाला. ‘खुर्ची’सारख्या शब्दांना तो जागा होत नव्हता. पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीचा वास किंवा फोडणीत पडलेल्या हिंगाचा वास नुसता शब्दांत वाचतानाही नाक आपोआप फुलतं, ते यामुळेच असावं.

इथे एक सावधगिरी हवी. हालचालीचा भाग जागा होतो, एवढ्यावरून शब्दाचा अर्थ तिथेच राहतो असं सिद्ध होत नाही. कदाचित अर्थ दुसरीकडे आधी लागत असेल आणि त्याचे तरंग नंतर हातापायांच्या भागापर्यंत पोचत असतील. हा आक्षेप ठामपणे घेणाऱ्यांत आपल्या ओळखीचे कारामाझ्झा आहेत. २००८ मध्ये ब्रॅडफर्ड मेहन यांच्यासोबत त्यांनी तो सविस्तर मांडला. हालचालींवरचं नियंत्रण गेलेले अनेक रुग्ण हालचालींचे शब्द समजू शकतात, हा त्यांचा पुरावाही दमदार आहे. मला स्वतःला चुंबकीय झटक्याचा प्रयोग आणि पार्किन्सनच्या रुग्णांचे निकाल यांमुळे असं वाटतं, की हालचालीचा भाग निव्वळ प्रेक्षक नसावा. पण सगळा अर्थ त्याच्याच हाती आहे असंही नाही.

आता नामांकडे वळू. खरी श्रीमंती इथे आहे.

लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या नॅशनल हॉस्पिटलमध्ये एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी वर्षानुवर्षं रुग्णांना धीराने प्रश्न विचारले. १९८४ साली टिम शॅलिस यांच्यासोबत त्यांनी चार रुग्णांचं वर्णन केलं. चौघांनाही हर्पिसच्या विषाणूमुळे मेंदूज्वर झाला होता आणि त्यात टेम्पोरल लोबची हानी झाली होती. त्यांतला जे. बी. आर. हा तरुण विद्यार्थी. त्याला विचारलं, ब्रीफकेस म्हणजे काय? विद्यार्थी कागदपत्रं न्यायला वापरतात ती छोटी पेटी, असं त्याने सांगितलं. होकायंत्र? आपण कुठल्या दिशेने चाललोय ते सांगणारं साधन. तंबू? तेही जमलं. मग पोपट? माहीत नाही. गोगलगाय? कीटकासारखा कुठला तरी प्राणी. शहामृग? काहीतरी विचित्र, याच्यापुढे गाडी जाईना. निर्जीव वस्तूंची ओळख जवळपास शाबूत, सजीवांची पुसली गेलेली.

आपल्याला वाटेल, मेंदू सजीव आणि निर्जीव असे दोन भाग पाडतो. पण बारकाईने पाहिल्यावर गंमत पुढेच होती. जे. बी. आर. ला शरीराचे अवयव नीट ओळखता येत, ते सजीवांचे असूनही. उलट वाद्यं, रत्नं आणि कापडाचे प्रकार त्याला अडत, ते निर्जीव असूनही. वॉरिंग्टन आणि शॅलिस यांनी विचार केला, की पोपट, मोती आणि रेशीम यांच्यात साम्य कोणतं? ही सगळी आपण रंग, आकार, पोत यांवरून ओळखतो. ब्रीफकेस, होकायंत्र आणि हात आपण ओळखतो ते कशासाठी वापरायचे त्यावरून. म्हणजे खरी फाळणी डोळ्यांनी जाणलेलं आणि वापरून जाणलेलं यांत असावी. याउलट चित्र वॉरिंग्टन आणि रोझालीन मॅकार्थी यांच्या १९८३च्या अभ्यासात दिसलं होतं: त्या रुग्णाला प्राणी, फुलं, खाद्यपदार्थ कळत, वापराच्या वस्तू मात्र हरवल्या होत्या. कारामाझ्झा यांना हेही स्पष्टीकरण पुरेसं वाटलं नाही. त्यांच्या मते शिकारी प्राणी आणि खाण्याजोग्या वनस्पती चटकन ओळखणं ही हजारो पिढ्यांच्या उत्क्रांतीची गरज होती, म्हणून मेंदूत त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था झाली. हा वाद आजही मिटलेला नाही. १९८५ मध्ये ‘नेचर’मध्येच एम. डी. नावाने एक रुग्ण नोंदला गेला. त्याला मणिचौकट आणि स्फिंक्सची चित्रं ओळखून नावं सांगता येत, पण संत्र्याचं आणि पीचचं नाव सांगता येईना. अडचण होती ती फक्त फळं आणि भाज्यांची.

याहून चकित करणारा रुग्ण वॉरिंग्टन यांना १९७५ मध्येच भेटला होता. सामान्यपणे ठोस शब्द सोपे आणि अमूर्त शब्द कठीण असतात; मुलं ‘चेंडू’ आधी शिकतात, ‘न्याय’ नंतर. ए. बी. या रुग्णाला ‘सप्लिकेशन’ या अवघड इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा मदतीसाठी केलेली कळकळीची विनंती, असं अचूक उत्तर आलं. ‘करार’ या अर्थाच्या शब्दाचंही सांगता आलं. पण वाळल्या गवताचा साधा इंग्रजी शब्द ‘हे’ ऐकल्यावर तो म्हणाला, विसरलो. डोळ्यांसमोर आणता येणाऱ्या गोष्टी गेल्या आणि ज्यांना रूपच नाही अशा कल्पना राहिल्या. आपण ज्याला सोपं म्हणतो ते मेंदूच्या एका विशिष्ट भागाच्या भरवशावर सोपं असतं, हे अशा रुग्णांखेरीज दुसरं कोण सांगणार?

विशेषनामांचा अनुभव तर प्रत्येकाच्या घरात आहे. पन्नाशीनंतर भाजीची, भांड्याची नावं आठवतात, समोरच्या माणसाचं नाव जिभेच्या टोकावर येऊन थांबतं. १९८७ मध्ये ब्रिटनमध्ये मॅकवीनी आणि सहकाऱ्यांनी एक चतुर प्रयोग केला. अनोळखी चेहरे दाखवून काहींबद्दल सांगितलं ‘याचं आडनाव बेकर’, काहींबद्दल सांगितलं ‘हा पाव भाजणारा’, आणि इंग्रजीत दोन्हींना शब्द एकच. धंदा लोकांच्या लक्षात राहिला, आडनाव राहिलं नाही. मराठीत तर या प्रयोगाला हवी तेवढी सामग्री आहे: सुतार, लोहार, सोनार, शिंपी, गुरव. समोरचा माणूस सुतारकाम करतो असं कळलं, की रंधा, फळी, भुश्श्याचा वास, घरी करून घेतलेलं कपाट असं सगळं त्या शब्दाला चिकटतं. त्याचं आडनाव सुतार आहे आणि तो बँकेत नोकरी करतो असं कळलं, तर त्या शब्दाला धरायला काहीच उरत नाही. म्हणूनच विशेषनाम सगळ्यात आधी निसटतं. इटलीतले कार्लो सेमेन्झा आणि मारिना झेत्तिन यांनी १९८८ साली पी. सी. या रुग्णाचं वर्णन केलं. त्याला माणसांची, शहरांची, नद्यांची, पर्वतांची नावं आठवत नसत. तो माणूस कोण, काय करतो, हे तो बिनचूक सांगे. सामान्यनामं सगळी जागेवर होती.

इथवर अर्थवाहक शब्दांबद्दल झालं. पण वाक्य त्यांच्यावर उभं राहत नाही. ‘आणि’, ‘तर’, ‘पण’, ‘ला’, ‘ने’, ‘चा’, ‘वर’ या छोट्यांचं काय? पक्षाघातानंतर येणाऱ्या वाचाघाताच्या एका प्रकारात, ज्याला ब्रोका वाचाघात म्हणतात, नेमके हेच शब्द गळतात. रुग्णाचं बोलणं साधारण असं होतं: ‘मी... काल... बाजार... भाजी... पाऊस.’ निरोप कळतो, सांधे निखळलेले असतात, आणि बरेचदा क्रियापदही गायब असतं. कानशिलाच्या मागच्या भागाला इजा झाली, तर वेर्निके प्रकारचा वाचाघात होतो आणि चित्र पालटतं: ‘ते आपलं तिथे ते होतं ना, मग त्याचं ते तसं करून ते झालं.’ सांधे जागेवर, ओघही आहे, सांधायच्या गोष्टीच नाहीत.

इंग्रजीत हे छोटे शब्द सुटे असतात, त्यामुळे ते गळले की मागे धड शब्द उरतो. मराठीचं तसं नाही. ‘घरातल्यांनासुद्धा’ या एका शब्दात एक नाम आणि त्याला चिकटलेले किती तरी सांधे आहेत. ‘टेबलावरून’मधून ‘वरून’ काढलं, तर ‘टेबला’ उरतं आणि त्याला काही अर्थ नाही. हिब्रू आणि इटालियन या प्रत्ययांनी भरलेल्या भाषांमध्ये असं दिसलं आहे, की रुग्ण प्रत्यय टाकून देत नाही, चुकीचा प्रत्यय लावतो. लिझ मेन आणि लोरेन ऑब्लर यांनी १९९० साली चौदा भाषांमधल्या अशा रुग्णांचं बोलणं एकत्र प्रसिद्ध केलं. त्यात हिंदी आहे, मराठी नाही. इंग्रजी रुग्णांवरून बेतलेली चाचणी भाषांतरित करून मराठी आजोबांपुढे ठेवली, तर त्यांची खरी अडचण तिच्यात सापडेलच असं नाही. मराठीचा अभ्यास मराठीतच करावा लागेल, आणि तो तातडीने व्हावा असं मला मनापासून वाटतं.

या छोट्या शब्दांचं काम निरोगी मेंदूतही वेळेनुसार पकडता येतं. एफएमआरआय रक्तप्रवाह मोजतो, म्हणून तो काही सेकंद मागे असतो. ईईजी मात्र मेंदूतली वीज सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत टिपतो. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी विचित्र शेवट असलेली वाक्यं लोकांना वाचायला दिली. आपल्या भाषेत बोलायचं तर ‘आजीने गरम भातावर तुपाची खिडकी सोडली’ अशी. ‘धार’ हवी तिथे ‘खिडकी’ आल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी विजेची एक ठळक ऋण लाट उमटली. तिला एन-४०० म्हणतात. अर्थवाहक शब्दांना ती थोडीफार नेहमीच उमटते, अनपेक्षित शब्दाला मोठी. सांधणाऱ्या शब्दांना ती बरीच लहान असते. ‘मुलगी आला’ यासारख्या चुकीला वेगळीच, धन लाट येते, सुमारे ६०० मिलिसेकंदांवर. मेंदू अर्थातली चूक आणि व्याकरणातली चूक दोन वेगळ्या ठशांनी नोंदवतो, असं काही काळ मानलं गेलं. मग २००९ मध्ये कमलकुमार चौधरी आणि जर्मनीतले त्यांचे सहकारी यांनी हिंदीतल्या ‘ने’ची परीक्षा घेतली. जिथे ‘ने’ नको तिथे तो आला किंवा हवा तिथे नसला, की व्याकरणाच्या धन लाटेच्या आधी चक्क अर्थाची एन-४०० उमटली. ‘रामने आंबा खाल्ला’ म्हणणाऱ्या मराठीलाही हा ‘ने’ जवळचा आहे. ज्याने कर्ता कोण हे ठरतं, तो प्रत्यय मेंदूच्या लेखी अर्थवाहक शब्दाच्या रांगेत बसतो, असं यातून दिसतं.

राहिला आठव्या जातीचा प्रश्न. शाळेत केवलप्रयोगी अव्यय शेवटी शिकवतात: अरेरे, बापरे, छे, शाब्बास. मेंदूत इजा झाली तर बरेचदा हेच शब्द शेवटपर्यंत साथ देतात.

पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा माणूस एकवीस वर्षं राहिला. कोणताही प्रश्न विचारा, तो ‘तां तां’ एवढंच म्हणे. १८६१च्या एप्रिलमध्ये तो वारला आणि पॉल ब्रोका यांनी त्याच्या मेंदूत डाव्या कपाळामागची इजा दाखवली. ही गोष्ट प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. कमी वेळा सांगितली जाते ती गोष्ट अशी, की लोकांना आपलं म्हणणं कळलं नाही की तो संतापे आणि तेव्हा देवाच्या नावाची फ्रेंच शिवी त्याच्या तोंडून अख्खी बाहेर पडे. पाच वर्षांनी कवी बोदलेअरची वाणी अशीच गेली आणि त्याच्याकडेही एका शिवीचा तुकडा तेवढा उरला. १९६५ साली अमेरिकेत गाठीमुळे मेंदूचा डावा अर्धगोल संपूर्ण काढलेल्या ४७ वर्षांच्या माणसालाही शिव्या देता येत होत्या, आणि ओळखीची गाणी म्हणता येत होती.

लंडनचे जॉन ह्यूलिंग्स जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच ओळखलं होतं, की बोलणं दोन प्रकारचं असतं: विचार जुळवून केलेलं, आणि आपोआप उसळणारं. उद्गार, शिव्या, आठवड्याचे वार, आकडे, पाठ झालेली प्रार्थना हे दुसऱ्या प्रकारातलं. त्यात उजव्या अर्धगोलाचा आणि मेंदूच्या खोल गाभ्याचा मोठा वाटा असावा असं मानतात. आपल्याकडे पाढे, आरत्या, रामरक्षा यांनी हा साठा केवढा मोठा आहे! ज्या आजींना ‘पाणी’ म्हणता येत नाही त्यांच्या तोंडून आरती निघाली, तर त्या सोंग करतात असा अर्थ मुळीच नाही. मेंदूत या दोन गोष्टींचे रस्तेच वेगळे आहेत. १९७३ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी हाच धागा पकडून चालीवर वाक्यं म्हणायला लावणारी उपचारपद्धती सुरू केली.

भावनेच्या शब्दांना शरीरही उत्तर देतं. कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तुर्की मातृभाषा असलेल्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांच्या बोटांना विद्युतवाहकता मोजणारी उपकरणं लावून त्यांना शब्द ऐकवले. शिव्या आणि लहानपणी खाल्लेली बोलणी, म्हणजे आपल्या ‘लाज नाही वाटत?’च्या जातीची वाक्यं, मातृभाषेत ऐकताना त्वचेला घाम जास्त फुटला. इंग्रजीतल्या तशाच वाक्यांना कमी. इंग्रजीत सहज शिवी देणारी मराठी मुलं मराठीतली तीच शिवी उच्चारताना का कचरतात, त्याचं उत्तर संस्कारांबरोबर या घामातही आहे.

हे सगळं माझ्या दृष्टीने महत्त्वाचं आहे, कारण वाचाघात झालेल्या माणसाला आपण फार लवकर निकालात काढतो. ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणून मोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तसं बोलतो, त्याच्यादेखत त्याच्याबद्दल ठरवतो. आतला माणूस बहुतेक वेळा पूर्ण जागा असतो. त्याची नामं गेली असतील, क्रियापदं गेली असतील किंवा सांधे. नेमकं काय गेलं हे कळलं, तर मदत करता येते. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेसारख्या ठिकाणी यासाठी प्रशिक्षित स्पीच थेरपिस्ट तयार होतात.

त्यांच्या हातातलं एक साधन मला विशेष आवडतं. लिसा एडमंड्स, स्टीफन नॅडो आणि स्वाती किरण यांनी २००९ मध्ये मांडलेली ही पद्धत क्रियापदाला मध्यावर ठेवते. रुग्णापुढे एक क्रियापद ठेवायचं, समजा ‘मोजणे’. मग विचारायचं, कोण मोजतं? काय मोजतं? शिंपी कापड मोजतो. भूमापक जमीन मोजतो. रोखपाल नोटा मोजतो. परिचारिका ताप मोजते. प्रत्येक जोडीनंतर पुढचे प्रश्न: कुठे, कधी, कशासाठी. वाक्य चुकलं तर अडवायचं नाही, बरोबर वाक्य पुन्हा ऐकवायचं. पहिल्या अभ्यासात रुग्ण मोजके होते, पण सराव न केलेली नामं आणि क्रियापदंही त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाक्यांत परतू लागली. क्रियापद आपल्याबरोबर कर्ता आणि कर्म ओढून आणतं, म्हणून एका ‘मोजणे’च्या सरावात शिंपी, कापड, नोटा, ताप असे दहा शब्द हलतात. घरातल्या माणसांनाही थेरपिस्टच्या सल्ल्याने हे करता येतं. कुकर, झाडू, चष्मा यांची चित्रं दाखवून ‘हे काय, सांगा’ असं दरडावण्यापेक्षा ‘आपल्या घरात कोण कोण काय काय कापतं?’ असं विचारावं आणि ‘आई भाजी कापते’ म्हणायला त्यांना हवा तेवढा वेळ द्यावा.